जिनिंगच्या शेडमध्ये एआय: विदर्भात धंदा कुठून सुरू करावा

एआयमध्ये काही करायचं म्हटलं की आपल्याकडची पोरं आधी शेतकऱ्यासाठी ॲप काढायला बसतात. पानाचा फोटो काढा, रोग ओळखा, सल्ला घ्या. तिथं गर्दी झाली आहे, आणि सल्ल्यासाठी पैसे मोजायला शेतकऱ्याच्या हातात पैसा उरत नाही. पैसे देऊ शकणारं गिऱ्हाईक तालुक्याच्या बायपासवर बसलंय: जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), दाल मिल, राइस मिल. तिथं यंत्रं चालतात, माल वाया जातो, आणि किती वाया गेला ते किलोत सांगता येतं. किलोत सांगता येणाऱ्या तोट्यावरच मालक खिशात हात घालतो, म्हणून सुरुवात तिथून करावी असं माझं ठाम मत आहे. त्यातही जिनिंगपासून.

हिंगणघाट, वणी, राळेगाव, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातल्या जिनात डबल रोलर रेच्यांच्या, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, ओळी असतात. हिशेबासाठी २४ रेच्यांचा जिन धरू. रेच्यात चामडी चकत्यांचे दोन रोल फिरतात आणि त्यांना सुरी टेकलेली असते. रोलच्या खरबरीत अंगाला तंतू चिकटतो आणि सुरीखालून ओढला जातो. सरकी सुरीच्या कडेला अडते, आणि हलती सुरी तिला ठोके देत खाली पाडते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो.

आता रोल गुळगुळीत झाला, त्याच्या खाचा भरल्या, सुरीचा दाब एका टोकाला कमी पडला, किंवा वरून कापूसच कमी आला, की त्या रेच्याची रुई कमी पडते. रेचा बंद पडत नाही, फिरतच राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शेडमध्ये आवाज इतका की कानानं फरक कळत नाही, आणि फिटर एका वेळी एकाच रेच्यापाशी उभा असतो. एका रेच्याची तासाला ५० किलो रुई धरा. तीन रेचे २० टक्क्यांनी मंद चालले आणि जिन १६ तास चालला, तर ४८० किलो रुई कमी निघाली. म्हणजे पावणेतीन गाठी, एका दिवसात. कापूस तोच राहतो, उद्या निघतोच. पण वीज, मजुरी आणि प्रेसवाल्यांचा वेळ गेला तो गेला.

हे पकडायला कॅमेरा लागत नाही. रेच्याची मोटर किती ताकद ओढतेय एवढं मोजलं तरी बरंचसं कळतं. साध्या रेच्याला ५ एचपीची थ्री-फेज मोटर असते. ४१५ व्होल्टला पूर्ण भारावर ती सात-साडेसात अँपिअर घेते. तिच्या एका फेजच्या वायरवर चिमट्यासारखा बसणारा ३० अँपिअरचा सीटी (करंट मोजणारी कडी) लावायचा, खाली ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि सीटीचा सिग्नल आकड्यात बदलणारी बाहेरची एडीसी चिप. ईएसपी३२ ची स्वतःची एडीसी खालच्या टोकाला सरळ वाचत नाही आणि वायफाय चालू असताना तिच्यात गोंगाट येतो. तिच्या भरवशावर राहू नये. डबा, वायर, टर्मिनल धरून एका रेच्यामागं हजार-दीड हजार रुपयांत काम होतं.

चुका इथंच होतात, आणि त्याच त्याच होतात. पहिली चूक, सीटीमधून तिन्ही वायरी एकत्र घालणं. तिन्ही फेजची बेरीज शून्य येते, स्क्रीनवर शून्य दिसतं आणि दोष सीटीला जातो. सीटीमधून एकच वायर गेली पाहिजे. दुसरी चूक जास्त नडते: नुसता करंट मोजून निष्कर्ष काढणं. मोटर रिकामी फिरली तरी पूर्ण भाराच्या करंटच्या तिसऱ्या हिश्श्यापासून ते निम्म्यापर्यंत करंट घेतच असते, म्हणून कापूस निम्मा झाला तरी करंट निम्मा होत नाही. त्यात आपल्या लाइनीवर व्होल्टेज ४१५ चं ३७० झालं की तेच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, आणि तुमची यंत्रणा सगळ्या रेच्यांवर एकदम लाल दिवे लावते. दोन दिवस असं झालं की फिटर ती स्क्रीन पाहणं सोडतो, आणि पुन्हा कधी पाहत नाही. त्यामुळं करंटसोबत व्होल्टेज मोजा आणि दोन्हींतून प्रत्यक्ष वॅट काढा. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; सीटी आर फेजवर असेल तर व्होल्टेजही आर फेजचंच घ्या. वायरमननं सीटी आर वर बसवला आणि व्होल्टेज वाय वरून आणलं, तर आकडा दिसायला बरा दिसतो आणि पूर्ण खोटा असतो.

आणखी एक. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजचा करंट दीडपटीच्या वर जातो आणि मोटर जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर बंद करणारा रिले, आहे, तोच राहू द्या. मोटर वाचवायचं काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात बांधू नका. सॉफ्टवेअरनं सांगावं, तोडायचं काम रिलेनं करावं.

आकडे आले, मग मॉडेल. इथं जिनिंगची एक देणगी आहे, तिचा फायदा घ्या. २४ रेचे सारखे आहेत, एकाच गंजीचा कापूस खातात, एकाच लाइनीवर चालतात. त्यामुळं प्रत्येक रेच्याची तुलना त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी करण्याआधी शेजारच्या २३ रेच्यांशी करा. दर दहा सेकंदांची वॅटची सरासरी घ्या, सगळ्या रेच्यांची मध्यक किंमत (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी) काढा, आणि जो रेचा सलग दहा मिनिटं मध्यकाच्या १५ टक्के खाली राहील त्याचा नंबर फिटरला दाखवा. कापूस ओला आला तर सगळ्यांचे वॅट सोबत हलतात, मध्यकही हलतो, खोटा इशारा येत नाही. याला कोणी एआय म्हणणार नाही, पण पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं, आणि शेडमध्ये तुमच्याबद्दल विश्वास तयार होतो.

खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं. वॅट कमी झाले हे कळलं, पण कशामुळं? रोल झिजला की सुरी सैल झाली की वरून कापूस आला नाही? कापूस तुटला तर आलेख एकदम खाली येतो आणि एकदम वर जातो. रोल झिजतो तेव्हा दिवसागणिक हळूहळू उतरतो. सुरीचा दाब जास्त झाला तर उलट होतं: वॅट वाढतात, रोल तापतो, रुई पिवळट पडायला लागते. हे ओळखणारं मॉडेल शिकवायला उत्तरं लागतात, आणि ती फक्त फिटरकडं असतात. त्याला फोनवर फॉर्म भरायला लावू नका. हात ग्रीसनं माखलेले असतात. रेच्यांच्या ओळीच्या टोकाला तीन मोठी बटणं बसवा: सुरी, रोल, कापूस. दुरुस्ती झाली की एक बटण दाबायचं, एवढंच. एका हंगामात काहीशे दाबण्या जमल्या तरी ती माहिती दुसऱ्या कोणाकडे नसेल. या धंद्याचं भांडवल तेच आहे. कोड कोणीही लिहील.

मॉडेल चालवणाऱ्या संगणकाचा डबा ठेवायचा कुठं, हाही मोठा प्रश्न आहे. जिनातली उडती रुई पंख्याच्या जाळीवर तासाभरात गादी घालते. पंखा असलेला कोणताही संगणक शेडमध्ये ठेवू नका. आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, बंद डबा, पंखा नाही, उष्णता डब्याच्या धातूतूनच बाहेर. मार्च-एप्रिलमध्ये फरदडीचा (मुख्य वेचणी संपल्यावर झाडं तशीच ठेवून घेतलेला) कापूस चालू असतो तेव्हा पत्र्याखाली ४५ अंशांवर जातं आणि बंद डब्यात ६० होतं. छोटे संगणक ८० अंशांच्या आसपास स्वतःची गती कमी करतात, आणि तुमचं मॉडेल गुपचूप मागं पडायला लागतं. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय धड चालत नाही. रेच्यांच्या ओळीवर आरएस-४८५ ची, म्हणजे लांबवर आकडे पाठवणारी, जोडवायर ओढा. हजार मीटरपर्यंत निभावते. कापूस यार्डातून किंवा काट्यावरून माहिती आणायची तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचा लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरा, त्या पट्ट्याला परवाना लागत नाही.

आगीबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण तिथं मोह फार होतो. कापसाच्या गंजीला लागलेली आग हे जिनवाल्याचं सगळ्यात मोठं भय. उष्णता पाहणारे ३२ बाय २४ ठिपक्यांचे छोटे सेन्सर आता काही हजारांत मिळतात, आणि ते गंजीवर लावून 'आग ओळखणारं एआय' विकावंसं वाटतं. विकू नका. कापूस उष्णता कोंडून धरतो. आत धुमसत असलं तरी वरून गंजी थंड दिसते, आणि पृष्ठभाग तापेपर्यंत उशीर झालेला असतो. गंजीच्या आतलं तापमान पाहायला लोखंडी सळईच्या टोकात तापमापक घालून ती आत खुपसावी लागते, आणि मोठ्या गंजीत अशा डझनभर सळया लागतात. तोच सेन्सर बेअरिंगवर मात्र चोख काम करतो. बेअरिंगचं आवरण उघडं असतं, सेन्सरला समोरून दिसतं, आणि इथंही तुलना शेजारच्या बेअरिंगशीच. बाकी सगळे ५० अंशांवर आणि सतरा नंबर ७५ वर असेल तर ग्रीस संपलं आहे किंवा शाफ्ट वाकला आहे. तापलेल्या बेअरिंगभोवती रुईची गुंडाळी असते, ठिणगी तिथंच पडते. 'तापलेलं बेअरिंग दाखवतो' एवढंच म्हणा आणि तेवढंच कागदावर लिहून द्या. एखाद्या रात्री आग लागली आणि तुमच्या यंत्रानं ती ओळखली नाही, तर तुमच्या कागदावर काय लिहिलं होतं हेच पाहिलं जाईल.

फाटकावरचा ओलावा

२०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर गाडी परत. त्या भावानं एक टक्का म्हणजे क्विंटलमागं ८१ रुपये. २५ क्विंटलच्या ट्रॉलीला दोन हजारांच्या वर फरक, आणि तो ठरतो एका मीटरच्या एका वाचनावर. दोन खिळ्यांचे मीटर कापसातून वीज किती जाते ते पाहतात. कापूस जितका दाबाल तितका आकडा वर जातो, तापमान बदललं तरी हलतो. वरचा थर वाऱ्यानं सुकलेला असतो, तळाशी सकाळच्या दवात वेचलेला कापूस असतो. शेतकऱ्याला वाटतं आपल्याला लुटलं, आणि ग्रेडर म्हणतो मीटरच तसं सांगतंय. दोघंही खरं बोलत असतात.

इथं करण्यासारखं यंत्र असं आहे: ठरावीक आकाराचं भांडं, त्यात वजन करून घातलेला नमुना, स्प्रिंगनं ठरावीक दाब, सोबत तापमापक. ट्रॉलीच्या पाच जागांवरून नमुने, त्यातले दोन तळाचे. पाचही आकडे मोठ्या अक्षरांत, शेतकऱ्याला दिसतील असे, आणि छापील चिठ्ठी. मॉडेलचं काम दाब आणि तापमानाचा परिणाम काढून टाकणं, आणि ते शिकवायला भट्टीत सुकवून काढलेला खरा ओलावा लागतो: नमुना तोला, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा तोला. असे दोन-तीनशे नमुने, नोव्हेंबरच्या पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत, वेगवेगळ्या वाणांचे. एकाच महिन्यातल्या नमुन्यांवर शिकवलेलं मॉडेल पुढच्या महिन्यात चुकतं. भाव मात्र यंत्रानं ठरवू नये. आकडा दोघांना दाखवावा, व्यवहार त्यांनी करावा. शेतकऱ्याला पाचही आकडे दिसणं हीच मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

कचऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल अपेक्षा जपून ठेवा. कापसात खताच्या पोत्याचे धागे, रंगीत सुतळी, गुटख्याच्या पुड्या, केस येतात आणि पट्ट्यावर बसलेल्या बायका ते वेचून काढतात. एक मीटर रुंदीचा पट्टा आणि १,२८० ठिपक्यांचा कॅमेरा धरला तर एक ठिपका ०.८ मिलिमीटरचा झाला. पुडी दिसेल, दोन मिलिमीटरची सुतळी दोन-तीन ठिपक्यांत जेमतेम दिसेल, केस कधीच दिसणार नाही. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर फोटो दोन मिलिसेकंदांच्या आत निघाला पाहिजे, नाहीतर वस्तू मिलिमीटरपेक्षा जास्त फाटून दिसते. त्यासाठी भरपूर उजेड हवा, आणि तो डीसी ड्रायव्हरच्या एलईडीचा. साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि फोटोंवर पट्टे येतात. पोत्याचा पांढरा पॉलिप्रॉपिलीन धागा पांढऱ्या कापसात साध्या कॅमेऱ्याला वेगळा दिसतच नाही. सूतगिरण्यांच्या ब्लोरूममध्ये (कापूस मोकळा आणि साफ करायच्या विभागात) त्यासाठी ध्रुवीकृत प्रकाश वापरणारी महाग यंत्रं असतात. वर, कॅमेऱ्याला फक्त वरचा थर दिसतो. म्हणून कचरा उडवून काढायच्या मागं लागू नका, मोजा. कोणत्या गाडीत किती पुड्या, कोणत्या गावच्या मालात सुतळी जास्त, एवढं जरी जिनाला कळलं तरी पोत्यांऐवजी सुती कापडात कापूस आणायला सांगता येतं. कॅमेऱ्याची चौकट पट्ट्यापुरतीच कापा. वेचणाऱ्या बायकांचे चेहरे आणि हात त्यात येता कामा नयेत. त्यांच्यावर नजर ठेवायचं यंत्र म्हणून ते शेडमध्ये गेलं तर त्यावर जाणूनबुजून रुई टाकली जाईल, आणि ते योग्यच असेल.

डाळ आणि तांदूळ

अकोल्याच्या दाल मिलमध्ये आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स, म्हणजे कॅमेऱ्यानं खराब दाणे वेगळे काढणारी यंत्रं, आधीच आहेत. आणखी एक सॉर्टेक्स बनवायला जाऊ नका, मोठ्या कंपन्यांशी गाठ आहे. सॉर्टेक्सनं टाकून दिलेल्या मालाकडं बघा. ऑपरेटर तक्रार नको म्हणून संवेदनशीलता वाढवून ठेवतो आणि रिजेक्टच्या नळीतून चांगली डाळ वाहत राहते. त्या नळीवर एक कॅमेरा, आणि दर मिनिटाला 'रिजेक्टमध्ये चांगला दाणा किती टक्के' एवढा एकच आकडा. माल हळू पडतो, पार्श्वभूमी तुमच्या हातात असते, दाणा मोठा असतो. कॅमेऱ्याचं पहिलं काम म्हणून यापेक्षा सोपं मला दिसत नाही.

राइस मिलला तर साधा सपाट स्कॅनर पुरतो. सरकारी धानाच्या भरडाईत १०० किलो धानामागं ६७ किलो कच्चा (न उकडलेला) तांदूळ द्यावा लागतो आणि तुकड्याला ठरलेली मर्यादा असते. पूर्ण दाण्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा लहान तो तुकडा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सहा मिलिमीटरचा दाणा सत्तर ठिपक्यांचा दिसतो, मोजायला भरपूर. नमुना वजन करून घ्या, दाणे एकमेकांना चिकटू देऊ नका, वर काळं कापड झाका. चिकटलेले दोन तुकडे यंत्राला एक अख्खा दाणा वाटतात, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. आणि टक्केवारी संख्येची सांगू नका, वजनाची सांगा. दाण्याच्या क्षेत्रफळावरून ती जवळपास बरोबर काढता येते. दर तासाला एक स्कॅन झाला तर धान सोलणारा रबर रोल झिजल्याचं किंवा धान जास्त सुकल्याचं त्याच पाळीत कळतं.

गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात कॅमेरा बसवण्याची कल्पना प्रत्येकाला सुचते. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा आकडा शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पण एकरी दोन सापळे लागतात, प्रत्येकात कॅमेरा परवडत नाही, आणि नरसाळ्याच्या सापळ्यात पतंग एकावर एक पडले की मोजता येत नाहीत. वाधवानी एआय या संस्थेनं फोनवरच्या फोटोतून पतंग मोजायचं काम केलेलं आहे आणि ते शेतकऱ्याला फुकट मिळतं. फुकटच्या शेजारी दुकान लावू नये. संत्र्याचंही जपून: आंबिया बहाराचं फळ साल हिरवी असतानाच आतून तयार होतं, म्हणून रंगावर शिकलेलं मॉडेल वरुड-मोर्शीत चांगलं फळ बाजूला काढतं.

पैसा आणि हंगाम

जिनिंग दिवाळीपासून होळीपर्यंत, फार तर एप्रिल. यंत्रं बसवायची ती सप्टेंबरमध्ये, दसऱ्याच्या आत. हंगाम सुरू झाला की रेचा बंद ठेवून वायर ओढू द्यायला कोणीही तयार होत नाही. नवी तूर आली की दाल मिलचा जोर वाढतो आणि तो उन्हाळाभर राहतो, म्हणून दोन्ही धंदे धरले तर माणसं बारा महिने कामाला राहतात.

दर महिन्याची वर्गणी मागू नका, बंद जिनाची वर्गणी कोणी देत नाही. जिनवाल्याचा सगळा हिशेब गाठीमागं चालतो, तुमचाही तसाच ठेवा. वरच्याच हिशेबानं २४ रेचे १६ तासांत साधारण ११० गाठी देतात. शंभर दिवसांच्या ११,००० गाठी, गाठीमागं आठ रुपये म्हणजे ८८,००० रुपये. चोवीस रेच्यांचं सामान ३६,०००, वर मुख्य डबा, स्क्रीन, केबल, बसवणी धरून ६०-७० हजार. पहिल्याच हंगामात सामान निघतं, तुमच्या माणसांचा पगार दुसऱ्यापासून. माहिती जिनाच्या ऑफिसातल्या डब्यातच राहील, नेट नसतानाही स्क्रीन चालेल, आणि एका जिनाचा रुईचा उतारा दुसऱ्याला दिसणार नाही, हे करारात मराठीत लिहून द्या. मालक सगळ्यात आधी तेच विचारतो.

हंगाम संपल्यावर डबे उघडून साफ करा, सीटीचे चिमटे तपासा, आणि केबल लोखंडी पाइपातून गेली नसेल तर आता घाला. बंद जिनात सांडलेल्या सरकीवर उंदीर येतात, आणि सरकी संपली की ते आरएस-४८५ च्या वायरीकडं वळतात.